उपासाची सुपारी

“आंटी, चींटी,” असं म्हणत शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं माझ्या मानेवरून काहीतरी झटकलं, आणि तिनं झटकलं हे मला तिचा हात मागे जाताना दिसला तेव्हा कळलं. मुंगी चांगली टपोरी होती, काळी. माझ्या मांडीवरच्या पिशवीत शेवंतीची फुलं होती, लेकीच्या, निधीच्या सोसायटीच्या गेटवर घेतलेली. त्यातूनच आली असणार. पिशवीतून पदरावर, पदरावरून खांद्यावर, तिथून मानेवर अशी सावकाश चढली असेल, त्या लांब व्रणाच्या काठाकाठानं फिरली असेल, कानाच्या पाळीपर्यंत जाऊनही आली असेल. मला पत्ता नाही. मुलगी हसून म्हणाली की बराच वेळ फिरत होती, मला वाटलं तुम्हीच काढाल. मी तिला थँक्यू म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहू लागले. मेट्रो यमुनेवरून चालली होती. हात नेहमीसारखे आपोआप जोडले गेले, पण मनात नमस्कार उमटला नाही. मुंगीचं काही नाही. चावलीसुद्धा नाही बिचारी. पण कुणी इतका वेळ माझ्या अंगावर असावं आणि मला ते परक्या मुलीनं सांगावं. पहिला विचार आला तो हा, की घरी गेल्यावर ह्यांना सांगायला हवं. ते हसतील. आणि मग आठवलं की आता आमच्यात असं काही सांगायचं उरलेलं नाही, आणि मी न कळवता, निधीकडून ठरल्यापेक्षा आधी निघून, गाझियाबादहून एकटीच घरी चालले आहे ती नेमक्या ह्याच गोष्टीसाठी.

डाव्या कानामागून निघून जबड्याखालून गळ्याच्या मध्यापर्यंत आलेली ही रेघ श्रावणात पडली. गालातली गाठ तशी लहान होती. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर चेतना जांभळ्या पेनानं माझ्या मानेवर ती रेघ आखत होत्या. बाई उंच, सडपातळ, माझ्याइतक्याच हळू बोलणाऱ्या. त्यांनी आधीच समजावून सांगितलं होतं की गालाचं काम छोटं, खरं काम मानेचं. हा आजार गालातून निघाला की पहिला मुक्काम मानेतल्या गाठींत करतो, म्हणून त्या बाजूच्या गाठी सगळ्या काढायच्या, दिसायला चांगल्या असल्या तरी. कानाकडे जाणारी एक नस मधे येते, ती वाचली तर वाचली. नाही वाचली तर कान आणि मान बधिर राहील. खांदा जड होईल, हात वर जायला वेळ लागेल. मी मान डोलावली होती. बधिर म्हणजे काय, दुखणार तर नाही, एवढंच मनात आलं होतं. शरीराचे लाड मी कधी केले नाहीत. आता कळतं की बधिर म्हणजे दुखत नाही असं नव्हे. बधिर म्हणजे आमच्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरसारखं. राहायचं आपण, झाडलोट आपली, पण भिंत आपली नाही. अंघोळीला मानेवर पाणी घेते तेव्हा अर्ध्या मानेवर ते ऊन असतं आणि अर्ध्या मानेवर नुसता त्याचा आवाज असतो.

हे केंद्रातल्या एका मंत्रालयात आहेत, पुढच्या वर्षी निवृत्त होतील. ऑफिसात आणि कॉलनीत सगळे राजाभाऊ म्हणतात, पंजाबी शेजारी राजाभाई. माणूस बाहेर गप्पिष्ट, थट्टेखोर. घरात आले की जिभेला कुलूप. वाईट कधी बोलले नाहीत, पण जवळ बसून चार शब्द बोलावेत अशी रीतच त्यांना ठाऊक नव्हती. त्यांच्या वडिलांचं घर तसंच होतं, श्रीवर्धनकडचं. पुरुष ओटीवर, बायका माजघरात. तिकडे अजून त्यांचे थोरले भाऊ खंडेराव पोफळीची छोटी बाग सांभाळून आहेत, आणि दर वर्षी दिल्लीकडे येणाऱ्या कुणा ना कुणाबरोबर रोठ्या सुपारीची पिशवी येते. हे स्वतः सुपारी खात नाहीत. पण कातरावी त्यांनीच. लग्न होऊन मी दिल्लीत आले, पहिला सोमवार धरला, आणि संध्याकाळपर्यंत भुकेनं माझा चेहरा उतरलेला पाहून ते काही न बोलता उठले, बाल्कनीत पेपर पसरला, अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरायला बसले. इतकी पातळ, की कागदावर पडलेल्या कातरणीतून खालची बातमी वाचता यावी. मग म्हणाले, “घ्या अन्नपूर्णाबाई, तुमचं जेवण.” मी हात पुढे केला. त्यांनी ती चिमूट माझ्या तळहातावर ठेवली आणि ती सांडू नये म्हणून माझी बोटं स्वतःच मिटवली. बस, एवढंच. आमच्या लग्नात दुसरं काही घडलंच नाही असं नाही, निधी झाली, घर झालं. पण मला कुणी विचारलं, तुझा संसार दाखव, तर मी ती मिटलेली मूठ दाखवीन.

सुपारीनं उपास मोडत नाही. ती गिळायची नसते, गालात धरायची असते. हळूहळू रस सुटतो, भूक मरते, पोथी नीट वाचून होते. माझ्या आईनं असंच केलं, तिच्या आईनं तसंच केलं असणार. सोमवार होता, त्याला चतुर्थी जोडली. मग एकादशी. मग प्रदोष. कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, सुनीतीताई, किती करता हो तुम्ही. आणि हे म्हणायचे, देवसुद्धा वर म्हणत असेल, बाई, जेव आता. मी हसायची. खरं कारण मी देवाशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्यालाही शब्दांत नाही. साध्या दिवशी हे सुपारी कातरत नसत. साध्या दिवशी ते ऑफिसातून येत, चहा घेत, टीव्हीसमोर बसत. उपासाच्या संध्याकाळी मात्र बाल्कनीत पेपर पसरला जायचा आणि मी त्यांच्यासमोर पाटावर बसायची, आणि त्या तेवढ्या वेळात ते माझ्याशी बोलायचे. नव्या साहेबाची नक्कल करून दाखवायचे. लहानपणी पोफळीवर चढताना कसे पडले ते सांगायचे, तीच गोष्ट, दर वेळी झाड थोडं उंच. मी ऐकायची. माझे उपास वाढत गेले.

तोंड पोळायला लागलं तेव्हा वाटलं उष्णता असेल. साधी आमटीही झोंबायची. मग जबडा आखडायला लागला, मोठा घास जाईना. हे म्हणाले, तू तशीही तोंड कधी उघडतेस. पण गालात आत जखम झाली आणि बरी होईना, तेव्हा तेच मला ओढत हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथं “सुनीती देवी” अशी हाक आली तेव्हा मी जागची उठलेच नाही, मी कुठली देवी. आतल्या तरुण डॉक्टरनं न बघता विचारलं, तंबाखू, गुटखा, पान मसाला. आम्ही दोघंही जवळजवळ दुखावलो. हे म्हणाले, आमच्याकडे चार महिने लसूणसुद्धा घरात येत नाही. डॉक्टरनं नाही असं लिहून घेतलं. आम्ही खोटं बोललो नव्हतो. सुपारी आमच्या दोघांच्याही मनात आलीच नाही. सुपारी म्हणजे तबकातला गणपती. ओटीत नारळाशेजारी ठेवतात ती. विड्यावर, चौरंगावर, मंगलकार्याच्या अक्षतांबरोबर ठेवतात ती. तिला गुटख्याच्या पंगतीत कोण बसवेल?

तिला डॉक्टर चेतनांनी बसवलं. तुकडा तपासून आला होता, आजाराचं नाव कळलं होतं, हे फाइलच्या रांगेत उभे होते आणि मी आत एकटी होते. बाईंनी गालाच्या आत बोट फिरवलं, तिथली पांढरी, ताठ झालेली कातडी दाबून पाहिली आणि विचारलं, “सुपारी?”

“हाँ, वो तो,” मी म्हटलं.

“कब से?”

“शादी से. सादी वाली. घर की है, पूजा की.”

त्यांनी हातमोजा काढला. “सादी भी,” त्या म्हणाल्या.

एवढे दोनच शब्द. मग त्यांनी समजावलं, आवाज न चढवता. तंबाखू लागतोच असं नाही, सुपारी एकटी पुरते. आजपासून बंद. मी ऐकत होते, पण डोळ्यांसमोर आजार नव्हता, ऑपरेशनही नव्हतं. बाल्कनीतला पेपर होता. तो माणूस एवढीशी चूक झाली तरी महिनाभर स्वतःला खात राहणारा. निधीचं बोट लहानपणी ह्यांच्या हातून दाराच्या फटीत चेमटलं होतं, त्या दारावर ते नंतर वर्षभर कापडाची घडी लावून ठेवायचे. मी बाईंना म्हटलं, ह्यांना सांगू नका. त्या म्हणाल्या, पेशंट तुम्ही आहात, मी आपणहून काही बोलणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. मला त्या क्षणी त्या फार जवळच्या वाटल्या, कारण खोटं न बोलणं हा माझाही नेम आहे. एका चातुर्मासात धरला तो सुटलाच नाही. मिठाचा नेम सोपा, हा फार अवघड. शेजारणीची साडी कशी दिसते एवढ्यावरूनही माणूस अडचणीत येतं.

खोटं न बोलता ह्यांच्यापासून कसं लपवायचं ह्याचा रस्ता मला पंचांगात सापडला. आषाढी जवळ आली होती. चातुर्मासात काहीतरी सोडायचं असतं. मी घरी आल्यावर म्हटलं, यंदा मी सुपारी सोडली. शब्द खरा होता. ह्यांनी अडकित्ता हातात घेतलेलाच होता. जरा थांबून म्हणाले, “देवाला आता माझी सुपारीही नकोशी झाली का?” हसले, पण त्यांच्या हातातलं पातं उघडं ते उघडंच राहिलं. मी देवघरात गेले. तिथं बसून मला कळलं की देवाचं नाव पुढे करून मी त्यांना बाहेर ठेवलं आहे, आणि त्यांनाही ते तसंच कळलं आहे. पण हे कातरायचे थांबले नाहीत. सोमवार आला की पेपर पसरायचे, कातरायचे आणि स्टीलच्या डबीत भरून ठेवायचे. म्हणायचे, चार महिने काय, बघता बघता जातील, बरी झालीस की लागेलच. मी लांबून बघायची. अडकित्त्याचा तो बारीक कट्कट् आवाज आतल्या खोलीपर्यंत यायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तल्लफ येईल, मन घट्ट करा. तल्लफ आलीच. पण ती तोंडाला नव्हती, तळहाताला होती.

ऑपरेशन झालं. जाग आली तेव्हा नाकात नळी होती, मानेतून निघालेली दुसरी नळी उशाशी लोंबत्या बाटलीत गेली होती, आणि मंगळसूत्र ह्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी होतं, काळे मणी थोडे बाहेर आलेले. मला बोलायची मनाई होती. रोजचा अध्याय चुकू नये म्हणून ह्यांनी माझी पोथी घरून आणली आणि खुर्ची ओढून वाचायला बसले. जन्मात पोथी हातात न धरलेला माणूस. जोडाक्षर आलं की ऑफिसच्या फाइलीसारखं खाकरून पुढे जायचे. श्लोक मोडायचा, अर्थ कुठल्या कुठे जायचा. मला तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ यायची, ती एका हातानं पुसत दुसऱ्या हातानं पान उलटायचे. शेजारच्या खाटेवरची मेरठची बाई म्हणाली, बहनजी, पति हो तो ऐसा. हे म्हणाले, इनको बोलना मना है, इसीलिए मैं अच्छा लग रहा हूँ. मला हसता येईना, टाके ओढले गेले. मानेतून काढलेल्या गाठींत आजार नव्हता, रेडिएशनचे शेक द्यावे लागणार नव्हते, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ते व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्या आजारपणात मी सुखी होते. हे मी कुणाला सांगणार? उपास न धरता, सोमवार नसताना, तो माणूस रोज माझ्यापाशी बसत होता.

कधीकधी वाटायचं, ह्यांच्यापासून लपवलं म्हणून देवानं मानेवर घाव घातला. मग माझी मलाच लाज वाटायची. देव इतका कोत्या मनाचा असता तर मी त्याला इतकी वर्षं फुलं कशाला वाहिली असती?

कार्तिकात तुळशीचं लग्न झालं. चातुर्मास संपला की सोडलेली वस्तू आधी दान द्यायची आणि मग घ्यायला लागायचं. मी खांद्याचे व्यायाम करत होते, भिंतीवर बोटांनी चढत हात वर न्यायचा, तो छातीच्या वर जात नव्हता. ह्यांनी मला न विचारता गुरुजींना गाठून माझ्या नावानं सुपारीचं दान देऊन टाकलं. आनंदात घरी आले. म्हणाले, सुटला तुझा नेम, आता सोमवारपासून सुरू. पण जखम ताजी आहे, आधी परवानगी घेऊ. आयुष्य सरकारी नोकरीत गेलेला माणूस, मंजुरीशिवाय सुपारीही देणार नाही. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रोज म्हणायची, आज सांगते. आणि तपासणीचा दिवस आला. डॉक्टर चेतनांनी व्रण पाहिला, खांदा पाहिला, सगळं ठीक आहे म्हणाल्या. मी उठणार इतक्यात ह्यांनी पिशवीतून ती डबी काढली, टेबलावर ठेवली आणि झाकण उघडलं. चार महिन्यांची सुपारी होती, काठोकाठ, वासाची. म्हणाले, “मैडम, एकदम पतली काटी है. गले को लगेगी नहीं. उपास में अब ले सकती हैं ना?”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. खाली घालताना डावी बाजू ओढली गेली तेवढंच मला समजलं.

“भाईसाहब,” त्या म्हणाल्या, “बीमारी इसी से हुई है.”

“ये तो सादी है.”

“सादी भी.”

हे झाकण लावू लागले, ते तिरकं बसायचं, पुन्हा काढायचे, पुन्हा लावायचे. बाई काहीतरी सांगत होत्या, की बऱ्याच लोकांना ठाऊक नसतं, तुमचा दोष नाही, आजार वेळेत सापडला. ते ऐकत नव्हते. मराठीत, मला, अगदी हळू म्हणाले, “तुला ठाऊक होतं?”

“हो,” मी म्हटलं.

त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही. भांडण झालं नाही. अडकित्ता कुठं गेला मला माहीत नाही, डबीही नाही. खंडेरावांना फोनवर सांगितलं की आता सुपारी पाठवू नका, का ते सांगितलं नाही. बाल्कनीत बसणं बंद झालं. माझं ताट वाढायचे, औषधं काढून ठेवायचे आणि आत जायचे. वाटी देताना बोटाला बोट लागलं तर चटका बसल्यासारखा हात मागे घ्यायचे. मी एकदा म्हटलं, अहो, माझा तुमच्यावर राग नाही. ते म्हणाले, “तू कशाला रागावशील? तू संत आहेस.” त्या शब्दानं मला जितकं लागलं तितकं ऑपरेशनचं पातंही लागलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी निधीला बोलावून घेतलं, की आईला तुझ्याकडे ने, तिकडे आराम मिळेल.

निधी माझे केस विंचरून द्यायची, वेणी घालायची, आणि विचारायची, “आई, बाबांचं काय चाललंय? फोनवर बिल्कुल बोलत नाहीत. तुम्ही भांडलात का?” मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, अच्छा, ते कटर घेऊन बसायचे ते. अडकित्ता हा शब्द तिला येत नाही, ती इथंच वाढली. म्हणाली, पण यार, बाबांना काय माहीत होतं, त्यांना सांग ना तू माफ केलंस म्हणून. जावई मानस पण तेच म्हणाले, इंग्रजीत. दोघं इतकी चांगली आहेत. त्यांच्या फ्लॅटच्या अकराव्या मजल्यावर बसून मी खाली कौशांबीचे उड्डाणपूल बघायची आणि मनात तेच वाक्य फिरवायची, मी तुम्हांला माफ केलं. ते वाक्य कुठल्याही बाजूनं धरलं तरी खोटं वाटायचं. माफी कशाची करायची? मी काय त्यांच्या हातचं विष गोड मानून प्यायले होते? मी ते मागत होते. ती चिमूट माझ्या हातावर पडावी म्हणून मी तिथी शोधत होते. आज सकाळी जप करताना हे इतकं साधं दिसलं, की माळ तशीच हातात राहिली. मी संत आहे असं समजून तो माणूस तिकडे एकटा जळतो आहे, आणि त्याला माफी नको आहे. त्याला खरं हवं आहे, आणि ते मी कधी बोललेच नाही. निधीला म्हटलं, येत्या गुरुवारी मार्गशीर्षातली लक्ष्मी मांडायची, ती आपल्या घरात हवी, मी आजच निघते. ती म्हणाली, मी कॅब करते ना. मी म्हटलं, मेट्रोनं जाईन.

सरोजिनी नगरला दारं उघडली आणि खरेदीनं फुगलेल्या पॉलिथिनच्या पिशव्या घेऊन पोरींचा लोंढाच आत आला. मी उतरायला उठले होते, मघाची मुलगी मला जागा धरून उभी राहिली, माझ्या डाव्या खांद्याला धक्का लागू नये म्हणून तिनं स्वतःचा हात आडवा धरला. तिनं व्रण पाहिला असणार. काही विचारलं नाही. भिकाजी कामा स्टेशनवर उतरले, रिक्षा केली. रिक्षात वाक्यं जुळवत होते. देवापुढे संकल्प सोडताना मी कधी अडखळत नाही, ह्यांच्यासाठी, निधीसाठी, सगळ्यांसाठी मागायला. स्वतःसाठी मागायचे शब्दच मला सापडत नव्हते.

शनिवार होता. दार ह्यांनी उघडलं. दाढी वाढलेली, स्वेटर उलटा घातलेला. “तू? एकटी? मेट्रोनं?” मी हो म्हटलं. पिशवी घेतली त्यांनी, बंदांना धरून, माझा हात चुकवून. चहा केला. मुंगीचं सांगायचं मनात होतं ते राहूनच गेलं. बाल्कनीत ऊन आलं होतं, थंडीतलं, पिवळं. मी माझा पाट तिथं नेऊन ठेवला आणि आतून फणी आणली. वेणी गर्दीत सुटली होती, उजव्या हातानं एकटीला आवरेना.

“केस विंचरून द्या,” मी म्हटलं.

“शेजारच्या सुरुचीला बोलावतो.”

“नको. तुम्ही द्या.”

“मला कुठं वेणी येते.”

“वेणी नको. नुसते विंचरा.”

ते बराच वेळ दारातच उभे होते. मग मागे स्टूल ओढल्याचा आवाज आला. फणी टोकापासून वर येऊ लागली, घाबरत, गुंता आला की थांबत. कानाजवळ आली की वळसा घालून जायची. आमच्या दोघांची सावली समोरच्या भिंतीवर पडली होती, एकात एक मिसळलेली, फणीचा हात तेवढा वेगळा दिसत होता.

“माझ्या हातानं झालं ते,” ते मागून म्हणाले.

रिक्षात जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी म्हटलं, “अहो, मी संत नाही.”

फणी थांबली.

“सोमवार देवासाठी धरला होता. तो खरा. बाकीचे सगळे मी तुम्ही सुपारी कातरायला बसाल म्हणून धरले. एकादशीसुद्धा. साध्या दिवशी तुम्ही कुठं बसत होतात माझ्यापाशी?”

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. पुन्हा, पुन्हा. शेवटी ती सुरू होऊन लांब गेली. मग हे जे बोलले ते इतक्या हळू, की मला वाटलं मीच मनात बोलले.

“अगं, सांगायचंस ना. मी नुसताही बसलो असतो.”

मी रडले नाही. नुसताही बसलो असतो. किती संध्याकाळी होत्या त्या, साध्या, बिनतिथीच्या, ऊन असंच आलेलं, हे आत टीव्हीसमोर, मी स्वयंपाकघरात, मधे एक पडदा. एवढंच म्हणायचं होतं, या ना, बसा. त्या सगळ्या संध्याकाळी मला हव्या होत्या, एकूण एक, आत्ता, परत. त्या येणार नव्हत्या. मी भिंतीकडे बघत होते. सावलीतली फणी खाली गेली, स्टुलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि तो हात रिकामाच वर आला. केस बाजूला झाले. सावलीतला हात माझ्या सावलीतल्या मानेवर टेकला आणि तिथंच राहिला.

“दुखतंय?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“कळतंय, हात ठेवलाय ते?”

मला हो म्हणायचं होतं. जन्मात कुठला शब्द इतका म्हणावासा वाटला नव्हता.

“नाही कळत,” मी म्हटलं. भिंतीवरचा हात हलला, उचलला जाऊ लागला. “पण काढू नका.”